काठावरची निर्गुडी

वाशीम जिल्हा नद्यांचा नाही, नद्यांच्या उगमांचा आहे. तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांना वेगळे करणारा उंचवटा आमच्या जिल्ह्यातून जातो. काटेपूर्णा इथे निघते आणि उत्तरेला पूर्णेच्या वाटेला लागते. अडाण आणि अरुणावतीही इथल्याच, पण त्यांचे पाणी शेवटी पैनगंगेत, म्हणजे गोदावरीत जाते. पैनगंगा तेवढी मोठी, तीही जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने निघून जाणारी. बाकी सगळीकडे आहेत ते नाले. पावसाळ्यात भरून वाहायचे, दिवाळीनंतर डबक्याडबक्यांनी उरायचे, होळीपर्यंत नुसती रेती आणि गोटे दाखवायचे. या नाल्यांच्या काठाने कुणी न लावता, कुणी न राखता पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली जी झुडपे आहेत, त्यांत निर्गुडी पहिली. आमच्याकडे म्हणतात निरगुडी.

अनोळखी माणूस तिच्याजवळून सहज निघून जाईल. डोळ्यांत भरावे असे तिच्यात काही नाही. पण जाता जाता पानाला हात लागला तर थांबावेच लागते, इतका तो वास उग्र. कडवट, कापराच्या बाजूला झुकणारा, नाकात वर चढणारा. एका देठावर तीन किंवा पाच पाने, पंजा उघडावा तशी पसरलेली, मधले सगळ्यांत लांब. वरून गर्द हिरवी आणि खालून राखी-पांढरट, बारीक लव असलेली. त्यामुळे दुपारच्या वाऱ्याने पाने उलटली की सगळे झुडूप एकदम फिके पडते आणि वारा थांबला की परत हिरवे होते. कोवळा फोक बोटांत फिरवला तर त्याच्या चार कडा हाताला कळतात. फुले निळसर जांभळी, एवढीएवढीशी, शेंड्याला तुऱ्याने येणारी. फळे पिकली की काळी, मिऱ्याएवढी.

या साध्या फुलांना संस्कृत काव्यात फार मोठा मान आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तिसऱ्या सर्गात पार्वती वसंतातल्या फुलांनी नटून येते, तेव्हा मोत्यांच्या सराच्या जागी तिच्या अंगावर सिंदुवाराची फुले आहेत. सिंदुवार म्हणजे निर्गुडीच, पांढऱ्या फुलांची. तेलंगणात गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींतही सिंदुवार आहे. आमच्या वऱ्हाडात मात्र ती देव्हाऱ्यात फारशी आली नाही. ती चुलीपाशी आली, बाळंतिणीच्या न्हाणीत आली, धान्याच्या कोठीत आली, बैलांच्या कोठ्यात आली. मला विचाराल तर हा मान कमी नाही.

माझे आजोळ मालेगाव तालुक्यातले. आजी वैदू नव्हती आणि सुईणही नव्हती; वावरात राबणारी बाई होती. पण गुडघे, कंबर, मुरगळलेला पाय, लचकलेली मान घेऊन आळीतल्या बाया तिच्याकडे यायच्या आणि ती कुणाला तरी नाल्यावर पिटाळायची. तिचा एक नियम होता. ती म्हणायची, “निरगुडी तोंडात नाई घालाची माय, अंगाले घ्याची.” लहानपणी मला ही तिची सवय वाटायची. आज त्यामागचा विवेक मला फार मोलाचा वाटतो. आमच्या गावात या पानाचे जेवढे घरगुती उपयोग मी पाहिले, ते सगळे कातडीतून आणि नाकातून जाणारे आहेत. शेक, वाफ, धूर, अंघोळ, उशी. पोटात द्यायचे असेल तर तो वैद्याचा प्रांत. त्याने मात्रा ठरवावी, त्याने जबाबदारी घ्यावी. घरातल्या बाईने आपल्या हातात ठेवले ते असे, की ज्यात चूक झाली तरी माणूस दगावणार नाही. ही रेघ कुणी पुस्तकातून आखून दिलेली नव्हती.

शेकाला पाला कसा हवा यावर तिचे म्हणणे ठाम होते. शेंड्याची पोपटी पाने ती आणू द्यायची नाही. “कोवयं पान नुसतं पानी सोडते, वास नाई धरत.” जून, गर्द, खालून चांगली पांढरी पडलेली पाने हवीत, आणि दंव उडाल्यावर, ऊन चढायच्या आत तोडलेली. पाला घरी आला की देठ खुडून पाने वेगळी करायची, कारण देठ पोटलीतून टोचतो. चुलीवर लोखंडी तवा. त्यावर थोडे जवसाचे तेल; आमच्याकडे जवस घरचा असायचा, म्हणून जवसाचे, नाहीतर तिळाचे किंवा एरंडीचे. तेल तापले की मूठ मूठ पाला टाकायचा. पहिल्यांदा तो फडफडतो, मग मान टाकतो, मग काळपट हिरवा होतो आणि घरभर वास सुटतो. हा क्षण तिला चुकवायचा नसे. याच्या अलीकडे पाला कच्चा, पलीकडे करपलेला. तव्यावरचा पाला जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात भरून पोटली बांधायची. एक नाही, दोन. एक गुडघ्यावर फिरत असताना दुसरी तव्यावर.

आणि पोटली दुसऱ्याच्या अंगाला लावायच्या आधी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची, प्रत्येक वेळी. आधी बोटांनी कोमट तेल जिरवायचे, मग पोटली ठेवायची, उचलायची, ठेवायची, उचलायची. दाबून धरायची नाही. गुडघ्याच्या वरून सुरुवात करून खाली पोटरीपर्यंत. शेक झाला की वापरलेलाच पाला कोमट असताना गुडघ्यावर पसरायचा, वर एरंडाचे पान, वर फडके, आणि रात्रभर तसेच राहू द्यायचे. सकाळी फडके सोडले की एरंडाचे पान आतून भिजलेले असायचे आणि कातडीला तो वास दुपारपर्यंत राहायचा.

बंगालात कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत जॉन फ्लेमिंग नावाचा डॉक्टर होता. त्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींची एक यादी तयार केली, ती 1810 साली छापली गेली. निर्गुडीवर लिहिताना तो ताजी पाने मडक्यात घालून विस्तवावर तापवायला सांगतो. सोसवेल इतकी गरम असताना सुजेवर ठेवून पट्टीने बांधायची आणि सूज उतरेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा हेच करायचे. सांध्याच्या सुजेवर या पानाइतका उपयोगी दुसरा पाला नाही, असे त्याचे मत. तवा आणि मडके एवढाच काय तो फरक. फ्लेमिंग हे इथल्याच लोकांकडून शिकला, आणि ज्यांच्याकडून शिकला त्यांत बायाच अधिक असणार असे मला वाटते, कारण तवा आणि मडके त्यांच्याच हातात होते.

पुढे 2003 साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी निर्गुडीच्या पानांचा पाण्यात काढलेला अर्क प्रयोगशाळेतल्या उंदरांना देऊन पाहिला. सूज कमी झाली, वेदना कमी झाल्या. त्यांनी त्यासाठी मुद्दाम निवडली होती ती जून, ताजी पाने. पानांत कॅस्टिसिन नावाचे द्रव्य असते, त्याचा सूज उतरवण्याचा गुण प्रयोगांत दिसलेला आहे. उडणाऱ्या तेलात सॅबिनीन, कॅरिओफायलिन अशी द्रव्ये असतात, वास त्यांचा. उंदरांवर दिसलेली गोष्ट माणसाच्या गुडघ्यालाही तशीच लागू पडते असे म्हणता येत नाही. पण पान जून हवे, हे आजीचे म्हणणे मी तो शोधनिबंध वाचल्यापासून अधिक आदराने सांगते.

शेकाने काय होते आणि काय होत नाही, हे सांगणे मला भाग वाटते, कारण निर्गुडीच्या नावाने हल्ली फार काही विकले जाते. उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात, तिथला रक्तपुरवठा वाढतो, ठणका कमी होतो. पानातली द्रव्ये त्याला मदत करत असावीत. वर माणसाचा हात असतो, अर्धा तास कुणीतरी आपल्यापाशी बसलेले असते, आणि दुखणाऱ्या माणसाला त्याचा केवढा आधार वाटतो ते दुखण्यातून गेलेल्यांना विचारा. पण झिजलेली कूर्चा शेकाने परत येत नाही. संधिवाताचा जो प्रकार सांधे वाकडे करत जातो, तो पाल्याने थांबत नाही. त्याला वेळेवर डॉक्टर लागतो. सांधा लाल, गरम झाला आहे, सोबत ताप आहे, तर तिथे शेक देऊच नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे साखरेच्या दुखण्याचा माणूस. त्याच्या पायाची जाण कमी झालेली असते, पोटली पोळते आहे हे त्याला कळत नाही. फोड येतो, फोडाची जखम होते आणि ती चिघळते. आजीच्या काळात ज्वारीची भाकर आणि वावरातले कष्ट यांमुळे साखरेचे दुखणे गावात क्वचित ऐकू यायचे. आता घरोघर आहे. म्हणून मनगटावर पोटली टेकवायची तिची रीत आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेची आहे, आणि अशा माणसाच्या तळपायाला शेक न दिलेलाच बरा.

2006 साली चिकनगुनियाची साथ महाराष्ट्रभर पसरली तेव्हा आमच्या भागातही घरटी माणूस पडला. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे धरले जायचे ते जायचेच. सकाळी उठून चहाची कपबशी धरता येत नाही, कमरेतून वाकता येत नाही, चपलेत पाय घालायचा तर भिंत धरावी लागते. पिके हाताशी आलेली आणि सोंगायला माणूस नाही. त्या वर्षी नाल्याकाठची निर्गुडी ओरबाडून निघाली. एरवी हिरवीगार असणारी झुडपे नुसत्या काड्यांची उभी होती. दर संध्याकाळी घराघरांतून तोच वास यायचा. आळीतून चालत गेले तर एका दारातून संपला की दुसऱ्या दारातून सुरू. चिकनगुनिया निर्गुडीने बरा झाला असे मी म्हणत नाही. ते दुखणे आपल्या वेळेने, कुणाचे आठवड्यांत, कुणाचे महिन्यांत ओसरते. पण शेक घेतलेल्या माणसाला रात्री झोप लागायची. रात्रीची झोप ही मजुरीवर जाणाऱ्या माणसाच्या लेखी लहान गोष्ट नाही, आणि ती फुकट मिळत होती, दारापासून हाकेच्या अंतरावर.

सर्दी-पडशाला वाफ. गंजात पाणी उकळायचे, मूठभर पाला टाकायचा, गंज चुलीवरून उतरवून खाली ठेवायचा आणि वाकळ पांघरून वर वाकायचे. नाक मोकळे होते, डोके हलके होते. लहान मुलांना मात्र गंजापाशी बसवू नये. उकळते पाणी अंगावर सांडण्याचे अपघात खेडोपाडी होतच असतात. पाला सावलीत वाळवून उशीत भरायची पद्धत होती. डोके जड असले की ती उशी घ्यायची. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला उकळायचे, आणि त्या कढत पाण्याची धार कमरेवर, पाठीवर उंचावरून सोडायची. घरात पहिल्यांदाच आई झालेली पोर त्या धारेखाली डोळे मिटून बसलेली मी पाहिली आहे. नऊ महिन्यांचे ओझे वाहिलेल्या कमरेसाठी एवढे तरी कुणी करायला हवेच.

निर्गुडीला सुश्रुताने कुठे बसवले आहे ते पाहिले तेव्हा मला फार आनंद झाला. ‘सुश्रुतसंहिते’त वनस्पतींचे गण सांगितले आहेत, एकेका कामाचे एकेक कुटुंब. त्यातल्या एका गणाची सुरुवात सुरसेने, म्हणजे तुळशीने होते, म्हणून तो सुरसादी गण. निर्गुडी त्या गणात आहे. काम सांगितले आहे ते कफाचे, कृमींचे, पडसे, श्वास, खोकला कमी करण्याचे आणि व्रण शुद्ध करण्याचे. आधुनिक वनस्पतिशास्त्राने निर्गुडीला बरीच वर्षे घाणेरीच्या कुळात धरले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्गीकरण नव्याने तपासले गेले आणि तिला तिथून काढून तुळशीच्या कुळात ठेवले. वाशीमच्या रानातला सागही तिच्याबरोबर त्याच कुळात आला. सुश्रुताने वास आणि गुण पाहिले, आजच्या शास्त्रज्ञांनी फुलांची रचना आणि जनुके पाहिली. निर्गुडी दोघांनाही तुळशीशेजारीच सापडली.

खोकल्याचे सांगितले म्हणून फिलिपिन्सचे सांगते. तिथे निर्गुडीला लागुंडी म्हणतात. तिथल्या संशोधकांनी 1970 च्या दशकापासून लोकांच्या वापरातल्या वनस्पती तपासायला घेतल्या. आरोग्य खात्याने त्यातल्या 10 निवडून लोकांना वापरायची शिफारस केली. त्यात लागुंडी आहे, खोकला आणि दम्यासाठी. 1997 साली पारंपरिक औषधांसाठी तिथे कायदा झाला. आज लागुंडीचे सिरप आणि गोळ्या तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतात, मात्रा लिहिलेल्या, तपासलेल्या. म्हणजे सुश्रुताच्या गणातला खोकला त्या बेटांवर सिद्ध झाला आणि आमच्याकडे तो वाफेपुरता उरला. मला त्यांच्या कामातली शिस्त महत्त्वाची वाटते. कुठल्या वयाचे पान, कसे वाळवलेले, किती, कुणाला नको, हे ठरवल्यावरच त्यांनी ते लोकांच्या पोटात जाऊ दिले. आपल्याकडे गुडघेदुखीवर म्हणून आठवडी बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे, आणि त्याने पुढे हाडे, साखर यांचे जे होते ते भोगावे लागते. पुडीवर निर्गुडीचे चित्र आहे म्हणून आत निर्गुडी असते असे नाही. पोटात घ्यायचे ते वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या सांगण्यावरून, लेबल वाचून. पोटुशीने तर मुळीच स्वतःच्या मनाने घेऊ नये.

वावरातली निर्गुडी हा आणखी एक मोठा विषय आहे आणि आमच्या जिल्ह्यात तो माणसांच्या औषधाइतकाच जवळचा आहे. वाशीम सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. तूर घरात आली की तिच्या मागोमाग भुंगा येतो. त्याची मादी दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्याच्या आत शिरून आतूनच खाते आणि भुंगा होऊन बाहेर पडते तेव्हा दाण्याला गोल भोक असते. म्हणून तूर, हरभरा आधी कडक उन्हात वाळवायचा आणि मग कोठीत भरताना थराथराला सावलीत वाळवलेला निर्गुडीचा आणि कडुनिंबाचा पाला घालायचा. वासाने मादी बिचकते. अळी एकदा दाण्यात शिरली की पाल्याचा काही उपयोग नाही, हे जुन्या बायांना माहीत होते. म्हणून उन्हाला त्या सुट्टी द्यायच्या नाहीत. पावसाळ्यात वास उडून जातो, तेव्हा पाला बदलायचा. बियाण्याची तूर तर अशीच ठेवायची.

बैलांना मानेवर जू लागून खांदा सुजला की माणसासारखाच त्यांनाही शेक. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळताना तर गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचा खांदा हाताखालून जातो, आणि सूज कुठे आहे ते तेव्हा कळते. संध्याकाळी कोठ्यात गोवरीवर ओला पाला टाकून धूर करायचा. डास, गोमाश्या दूर राहतात. हा धूर उघड्या कोठ्यात ठीक. दारे लावलेल्या खोलीत, दमेकऱ्याच्या घरात तो करू नये.

अलीकडे निर्गुडी वावरात परत आली ती दशपर्णी अर्काच्या वाटेने. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी शिबिरांतून सांगितलेल्या शेतीमुळे हा अर्क विदर्भातल्या पुष्कळ शेतकऱ्यांपर्यंत पोचला. गावोगाव कृतीत थोडाफार फरक असतो, पण सर्वसाधारण रीत अशी: कडुनिंबाचा पाला 5 किलो, निर्गुडी, सीताफळ, करंज, एरंड, रुई, कण्हेर, पपई, गुळवेल, घाणेरी यांचा प्रत्येकी 2 किलो, हिरवी मिरची, लसूण, गाईचे शेण, गोमूत्र, आणि हे सगळे 200 लिटरच्या ड्रममध्ये पाण्यात भिजत घालून 30 दिवस रोज ढवळायचे. पाने बघा, ज्यांना जनावर तोंड लावत नाही अशीच बहुतेक निवडली आहेत. जे गाय-बकरी खात नाही ते अळीलाही नको असते, असा त्यामागचा विचार. बचतगटाच्या बाया मिळून पाला गोळा करतात, विळ्याने चिरतात, ड्रमला गोणपाट बांधतात. महिन्यानंतर झाकण काढले की जो दर्प येतो त्यातही निर्गुडी वेगळी ओळखू येते. अळ्या लहान असतानाच फवारला तर अर्काचा उपयोग दिसतो. अळीचा प्रादुर्भाव हाताबाहेर गेल्यावर त्याच्यावर विसंबून बसू नये, हे तो करणारेच सांगतात.

बकरी खात नाही, हाच निर्गुडीचा जीव. त्यामुळे ती चराऊ रानात, गाईगुरांच्या वाटेवर, उघड्या नाल्यावर टिकली. तिची मुळे काठाची माती धरून ठेवतात. तिच्या लवचीक फोकांच्या टोपल्या विणतात. फुलांवर मधमाश्या येतात. उत्तर चीनमध्ये निर्गुडीच्याच एका प्रकारावरचा मध नावाजलेला आहे. एवढे सगळे देऊनही तिला कधी पाणी घालावे लागले नाही की खत.

तरी ती कमी होते आहे, आणि हे मी डोळ्यांनी बघते आहे. नाल्यांच्या खोलीकरणाची कामे गेल्या काही वर्षांत जिल्हाभर झाली. त्यांनी पाणी अडले, विहिरींना त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. आमच्या कोरडवाहू शेतीला पाण्याचे मोल काय ते सांगायला नको. पण मशीन दोन्ही काठ खरवडून गेले. जिथे निर्गुडी, करंज, शिंदी, बोरी होत्या, तिथे मुरमाचे उभे ढीग राहिले आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसात तो मुरूम परत नाल्यात आला. काठाला झुडूप नसेल तर दुसरे काय होणार. वावरांचे धुरे पूर्वी दोन माणसे शेजारून जातील एवढे रुंद असायचे. आता ट्रॅक्टर शेवटच्या तासापर्यंत नेतात आणि उरलेल्या पट्ट्यावर तणनाशक मारतात. तणनाशकाला गवत कोणते आणि औषध कोणते हे कळत नाही. वाशीमच्या मेडिकलमध्ये निर्गुडी तेलाची बाटली मिळते, माणसे ती विकत आणतात, आणि त्यातल्या कित्येकांच्या वावराच्या कडेला ते झुडूप अजून उभे आहे हे त्यांना ठाऊक नाही. नवी पोरे तर तिला ‘नाल्यावरचं झाड’ एवढेच म्हणतात.

ज्ञान बायांच्या हातात होते आणि त्या लिहिणाऱ्या नव्हत्या. तव्यावर पाला कधी उतरवायचा हे आजीने मला शब्दांत कधी सांगितले नाही. तिच्यापाशी बसून वासाने कळले. असे बसणे आता घरांत राहिलेले नाही. पण झुडूपच राहिले नाही तर बसून तरी शिकणार काय? म्हणून मला आधी झुडपाची काळजी आहे.

ती करणे अवघड नाही. निर्गुडी फोकापासून लागते. मृगाचा पाऊस होऊन जमीन मुरली की अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब, पिकलेला फोक कापावा, कोवळा नको. दोन-तीन डोळे मातीत जातील असा तिरपा खोचावा आणि भोवतालची माती पायाने दाबावी. धुऱ्यावर, विहिरीच्या थारोळ्यापाशी, शाळेच्या कुंपणाला, दवाखान्याच्या आवारात, कुठेही. कुंपण लागत नाही, कारण बकरी खात नाही. पहिले वर्षभर पाला तोडू नये. पुढे तोडताना एका अंगाने तोडावा, सगळे झुडूप ओरबाडू नये. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला झुडपापाशी नेऊन दाखवा, त्याच्याकडून एकदा पोटली बांधून घ्या, आणि बांधताना पोरांना जवळ बसवा.

आणि तुमच्या गावात यंदा नाल्याचे काम निघणार असेल तर ग्रामसभेला जरूर जा. नाला खोल करा, पाणी अडवा, पण मशीन एकाच काठाने चालवा आणि दुसरा काठ झाडाझुडपांसकट राहू द्या, एवढे तिथे उभे राहून सांगा आणि ठरावात लिहून घ्या.